गॅदरिंगची कॅसेट ते डीव्हीडी : थोडे तंत्र, थोडी काळजी



यंदा शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात एक माजी विद्यार्थिनी शाळेत आल्या. २००६ च्या स्नेहसंमेलनाची सीडी मिळेल का, अशी त्यांनी चौकशी केली. त्या वर्षी त्या पाचवीत होत्या आणि समूहगीतात गायल्या होत्या. पण त्यांना स्वतःला पाहायचे नव्हते. त्या गीताला पेटीची साथ त्यांच्या वडिलांनी केली होती. वडील आता नाहीत. त्यांचे फोटो घरी पुष्कळ आहेत, पण ते पेटी वाजवताना दिसतील असे चित्रीकरण एकही नाही.

सीडी मिळाली. संगणक कक्षात बसून आम्ही सर्वांनी ती पाहिली. समूहगीत होते, पण अवघे चाळीस सेकंद, आणि कॅमेरा सर्व वेळ मुलींवर होता. पेटी ऐकू येत होती, वाजवणारे दिसत नव्हते. मूळ कॅसेटमध्ये पूर्ण गाणे असणार, असे म्हणून आम्ही कपाट उघडले. तिन्ही कॅसेट सापडल्या. तिन्हींवर २००६ हा आकडा खोडून २००७ लिहिलेले होते.

तीन तासांच्या कार्यक्रमाची पाऊण तासाची सीडी तयार झाली, मग जुन्या कॅसेट कशाला हव्यात, असा विचार करून आम्हीच पुढच्या वर्षीचे संमेलन त्यांच्यावर घेतले होते. नव्या कॅसेटचे पैसे वाचले, म्हणून तेव्हा आम्हाला बरेही वाटले होते. चूक दुसऱ्या कोणाची नाही, आमचीच. एडिटिंग आम्हाला येऊ लागले होते, सीडी राइट करणेही जमत होते. मूळ चित्रीकरण वेगळे आणि वाटायची सीडी वेगळी, एवढे मात्र कळले नव्हते.

आज बहुतेक घरांत कपाटावर किंवा माळ्यावर लग्नाच्या, मुंजीच्या, गणपतीच्या आणि गॅदरिंगच्या कॅसेट पडून आहेत. मोबाइलमध्ये तर रोज नवी भर पडते. हे चित्रीकरण संगणकात कसे घ्यावे, नीट कसे कापावे, डीव्हीडीवर कसे उतरवावे आणि मूळ कसे सांभाळावे, हे या लेखात क्रमाने सांगण्याचा प्रयत्न आहे.

कापणे म्हणजे काय?

आपल्या बडोद्याचे या विषयाशी जुने नाते आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे आपल्या कलाभवनाचे विद्यार्थी. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या काळात, १८९० साली, ही संस्था सुरू झाली. पुढे ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून तिला कडेने भोके पाडण्यापर्यंतच्या कामात हातभार लावत. त्या काळी फिल्मचा तुकडा खरोखरच कात्रीने कापायचा आणि दुसऱ्या तुकड्याला चिकटवायचा. नको असलेला भाग जमिनीवर पडे.

संगणकावर तसे होत नाही. मूळ फाइलला हात न लावता, कुठून कुठपर्यंत दाखवायचे आणि कशानंतर काय दाखवायचे, एवढीच यादी संगणक करतो. या यादीला प्रोजेक्ट फाइल म्हणतात. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात. प्रोजेक्ट फाइल म्हणजे पुरणपोळीची कृती लिहिलेला कागद. डाळ, गूळ आणि कणीक त्या कागदात नसते. २००८ साली आमचा एक विद्यार्थी फक्त प्रोजेक्ट फाइल पेन ड्राइव्हवर घालून घरी घेऊन गेला. घरच्या संगणकावर उघडली, तर प्रत्येक क्लिपच्या जागी लाल फुली! क्लिपा शाळेच्याच संगणकात राहिल्या होत्या.

त्या वेळी आपल्याकडे सर्वजण विंडोज एक्सपीबरोबर येणारा मूव्ही मेकर वापरत. त्याला मिळणारा कंपनीचा आधार जानेवारी २०१७ मध्ये थांबला. आता विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प असते आणि अ‍ॅपलच्या संगणकावर आयमूव्ही. शॉटकट आणि ओपनशॉट ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि साध्या संगणकावरही चालतात. नावे बदलली तरी पद्धत तीच आहे. वर चित्र दिसण्याची खिडकी, एका बाजूला क्लिपा आणि खाली आडवी पट्टी, म्हणजे टाइमलाइन. एक शिकलात की दुसरे आठवड्यात येते.

पहिली पायरी : कॅसेट संगणकात घेणे

मोबाइलचे चित्रीकरण केबल लावून सरळ संगणकात घेता येते. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवू नये. पाठवताना फाइल लहान केली जाते आणि चित्राची स्पष्टता जाते.

कॅसेटचे काम जास्त असते. आपल्याकडे दोन प्रकार प्रामुख्याने सापडतात. मोठी कॅसेट व्हीएचएसची. तिच्यासाठी चालू स्थितीतला व्हीसीआर लागतो, आणि तो आता दुर्मीळ झाला आहे. जपानमधील शेवटच्या मोठ्या उत्पादकानेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. व्हीसीआरच्या पिवळ्या आणि पांढऱ्या-लाल पिना यूएसबी कॅप्चर नावाच्या छोट्या उपकरणाला जोडतात आणि ते उपकरण संगणकाला लावतात.

काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट असते ती मिनी डीव्ही. ती ज्या कॅमेऱ्यात चालते तोच कॅमेरा फायरवायर केबलने संगणकाला जोडावा लागतो. या कॅसेटवर आकड्यांच्या रूपातच चित्र असते, त्यामुळे ते जसेच्या तसे संगणकात उतरते. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. नव्या संगणकांना फायरवायरची खाच नसते. घरात जुना संगणक असेल तर तो मोडीत काढण्याआधी मागची बाजू एकदा पाहून घ्या.

काही खबरदारी आधी घ्यावी.

१) कॅसेट पुसली जाणार नाही अशी करा. व्हीएचएसच्या कडेला प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो, तो मोडून टाका. मिनी डीव्हीची बारीक कळ 'सेव्ह'च्या बाजूला सरकवा. २००६ मध्ये आम्ही एवढे जरी केले असते, तरी पुढच्या वर्षी कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग करायला नकार दिला असता आणि आम्ही दोनदा विचार केला असता.

२) कॅसेटच्या खिडकीतून आतली फीत उजेडात पाहा. पांढरी पूड किंवा जाळे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात ती हमखास धरते. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. यंत्राच्या हेडला बुरशी लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब होतात. तिला वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या.

३) चांगली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेली फीत त्यामुळे मोकळी होते.

४) तासाच्या कॅसेटला तासच लागतो. ही कॉपी घाईने होत नाही. तेवढा वेळ संगणकावर दुसरे काम करू नये.

दुसरी पायरी : एडिटिंग

प्रथम एक फोल्डर करा. त्यात क्लिपा, फोटो, आवाज आणि प्रोजेक्ट फाइल, सर्व काही ठेवा. कोठे न्यायचे झाले तर पूर्ण फोल्डर न्यायचा.

मग वही-पेन घेऊन सर्व चित्रीकरण एकदा पाहा. कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढे फार वेळ वाचतो. शिवाय ही वहीच पुढे मूळ चित्रीकरणाची सूची होते. आमच्या नववीच्या मुलांनी यंदा अशा दोन वह्या भरल्या आहेत.

त्यानंतर क्लिपा टाइमलाइनवर आणा. दोन क्रिया आल्या की निम्मे एडिटिंग आले. ट्रिम म्हणजे क्लिपचे सुरुवातीचे किंवा शेवटचे टोक कमी करणे. स्प्लिट म्हणजे मधोमध तोडून दोन तुकडे करणे. जमिनीकडे वळलेला कॅमेरा, माइकची खरखर, पडदा उघडायला झालेला उशीर, असे भाग यातून निघून जातात.

एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाताना सॉफ्टवेअर अनेक नक्षीदार प्रकार देते. पान उलटते, चित्र फिरत जाते, तारे उडतात. पहिल्या वर्षी आम्ही ते सर्व वापरले. आता ती सीडी पाहताना मुलांचे नाटक कमी आणि उडणारे ताऱ्यांचे झुबकेच जास्त दिसतात. साधे तोडणे आणि क्वचित हळूहळू अंधारणे, एवढे पुरे असते.

आवाजाकडे विशेष लक्ष द्या. अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतात, पण न समजणारा आवाज ऐकवत नाही. मुलांच्या बोलण्यावर सिनेमाचे गाणे टाकू नका. पंचवीस वर्षांनी त्या मुलाला स्वतःचा लहानपणचा आवाज ऐकायचा असेल, गाणे त्याला कुठेही मिळेल.

नावे मराठीत युनिकोड टंकात लिहावीत आणि जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावीत. जुने टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात, म्हणून अक्षरे अगदी काठावर ठेवू नयेत. शक्य असेल तर प्रत्येक रांगेतील मुलांची नावे द्या. पेटी, तबला, रंगभूषा, पडदा ओढणारे, यांचीही द्या. ही माणसे कॅमेऱ्यात कमी येतात आणि नावाने तरी राहतात.

शेवटी एक्स्पोर्ट किंवा रेंडर ही आज्ञा द्यायची. तेव्हा कुठे संगणक आपल्या यादीप्रमाणे खरी नवी फाइल तयार करतो.

तिसरी पायरी : डीव्हीडी तयार करणे

आता डीव्हीडी कोण पाहतो, असे मुले विचारतील. पुष्कळ आजी-आजोबांकडे अजून प्लेअर आहे आणि डिस्क घालून बटण दाबणे त्यांना सवयीचे आहे. हातात देता येईल अशी वस्तू म्हणूनही लोकांना ती आवडते.

फाइल नुसती डिस्कवर कॉपी केली तर ती डेटा डिस्क होते. ती संगणकावर उघडेल, पण बऱ्याच प्लेअरवर चालणार नाही. प्लेअरसाठी डीव्हीडी व्हिडिओ या पद्धतीने चित्र एमपीईजी-२ मध्ये बदलावे लागते, मेनू करावा लागतो आणि ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये सर्व फाइली मांडाव्या लागतात. हे काम डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर करते. त्यात पाल पद्धत निवडा. भारतात तीच चालते. तिच्यात चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते आणि सेकंदाला २५ चित्रे येतात.

एका डिस्कवर किती मावेल? हे सातवीच्या गणिताने काढता येते. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी, म्हणजे ४७० कोटी बाइट मावतात. संगणक तीच जागा ४.३८ दाखवतो, कारण त्याची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ३,७६० कोटी बिट झाले. दोन तासांत ७,२०० सेकंद असतात. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट मिळतात, आणि तेवढ्यात चित्र चांगले दिसते. तासाभराचा कार्यक्रम असेल तर ८० लाखांपर्यंत जाता येते. तीन तास कोंबले तर जेमतेम ३५ लाख उरतात, मग नाचाच्या हालचालीत चौकोनी ठिगळे दिसू लागतात. अशा वेळी दोन डिस्क कराव्यात.

आता आमच्या २००६ च्या सीडीचा हिशोब पाहा. व्हीसीडी पद्धतीत चित्राला सेकंदाला सुमारे साडेअकरा लाख बिट मिळतात आणि चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. म्हणजे डीव्हीडीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी ठिपके! मिनी डीव्ही कॅसेटवर सेकंदाला अडीच कोटी बिट असतात. ती कॅसेट पुसून आम्ही जे ठेवले, ते मूळच्या विसाव्या हिश्श्याएवढेही नव्हते.

डिस्क राइट करताना प्रत्यक्षात काय घडते? कोऱ्या डिस्कच्या आत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. ड्राइव्हमधला लाल लेसर किरण त्यावर सूक्ष्म खुणा जाळत जातो. म्हणूनच या क्रियेला बर्न करणे म्हणतात. प्लेअरचा मंद किरण पुढे त्या खुणा वाचतो. दुकानात मिळणाऱ्या सिनेमाच्या डिस्क साच्यातून छापलेल्या असतात, त्यांत हा रंग नसतो. आपल्या घरी केलेल्या डिस्कचा रंग मात्र उन्हाने, उष्णतेने आणि दमटपणाने विटतो.

यासाठी काही नियम पाळावेत. डिस्क चांगल्या प्रतीची घ्यावी. सर्वांत जास्त वेगाऐवजी मध्यम वेगाने राइट करावी. शेवटी फायनलाइज करायला विसरू नये, नाहीतर ती प्लेअरवर उघडत नाही. वर कागदी लेबल चिकटवू नये, त्याने डिस्क फिरताना डगमगते. सीडी-डीव्हीडीसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या पेनानेच लिहावे. सीडीचा माहिती असलेला थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक ठरतो. वाटण्याआधी एक डिस्क शेवटपर्यंत चालवून पाहावी. एकदा आम्ही साठ डिस्क वाटल्या आणि नंतर कळले की बक्षीस समारंभाच्या भागाला आवाजच नाही.

चौथी पायरी : मूळ जपणे

डीव्हीडी हातात आली की काम संपले असे वाटते. प्रत्यक्षात जपण्याचे काम तिथून सुरू होते. डीव्हीडी वाटण्यासाठी असते. जपायचे ते न कापलेले मूळ चित्रीकरण. आज काय महत्त्वाचे आहे हे आपण आपल्या दृष्टीने ठरवतो. वीस वर्षांनी पाहणाऱ्याला त्यात काय शोधायचे असेल, हे आपल्याला कसे कळणार?

मोठ्या लोकांच्या बाबतीतही असेच झाले आहे. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आज उरला आहे. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली आला, त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोपर्यंत बरेच काही हातचे गेले होते. कॅसेटच्या बाबतीत २०१९ मध्ये युनेस्कोच्या कार्यक्रमातून जगभरच्या संग्रहांना इशारा देण्यात आला. फीत तर खराब होतेच, पण ती वाजवणारी यंत्रेही नाहीशी होत आहेत, असे त्याचे सार आहे.

घरी पाळता येईल असा नियम सोपा आहे. मूळच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी असावी. उदाहरणार्थ, एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक मामाकडे दुसऱ्या डिस्कवर किंवा इंटरनेटच्या साठ्यात. दर वर्षी एखादा ठरलेला दिवस धरून सर्व प्रती उघडतात का ते पाहावे. आम्ही दसऱ्याचा दिवस ठरवला आहे. शस्त्रपूजेबरोबर हार्ड डिस्कचीही पूजा होते आणि तपासणीही! कॅसेट संगणकात उतरली तरी फेकू नका.

आणखी एक सूचना. शाळेच्या कार्यक्रमात इतरांची मुलेही असतात. त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय चित्रीकरण इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करू नये.

पालकांना विनंती

त्या माजी विद्यार्थिनींना आम्ही झालेली चूक स्पष्ट सांगितली. त्यानंतर २००६ च्या पालकांपैकी जेवढ्यांचा पत्ता लागला तेवढ्यांकडे विचारणा केली. दांडिया बाजारातील एका घरी लोखंडी पेटीत मिनी डीव्ही कॅसेट निघाली. त्या पालकांनी आपल्या मुलासाठी प्रेक्षकांतून शूटिंग केले होते. कॅमेरा हलतो, पुढच्या रांगेतील डोकी मध्ये येतात. पण त्यांचा मुलगा रंगमंचाच्या डाव्या टोकाला उभा होता आणि पेटी त्याच बाजूला होती. तीन मिनिटे ते गृहस्थ एका बाजूने दिसतात. मान थोडी खाली, भाता सावकाश हलतो आहे, आणि एकदा मुलींना सूर द्यायला ते वर पाहतात.

कोणत्याही एडिटरने हा भाग हललेला म्हणून कापला असता. आम्हीही कापला असता.

ती कॅसेट आम्ही कापाकाप न करता संगणकात घेतली. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि त्यांच्या आईंसाठी एक डीव्हीडीवर दिली. कॅसेट ज्यांची होती त्यांना परत केली, कळ 'सेव्ह'कडे सरकवून.

तरी पालकांना विनंती की शाळेच्या कोणत्याही वर्षाच्या कार्यक्रमाची कॅसेट, सीडी किंवा फाइल घरी असेल तर संगणक कक्षात आणून द्यावी. वर्ष, प्रसंग आणि माहीत असतील ती नावे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावीत. वस्तू नोंद करून घेतली जाईल आणि काम झाल्यावर परत मिळेल. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की मूळ चित्रीकरणासाठी दोन हार्ड डिस्क वेगळ्या ठेवण्यास परवानगी द्यावी आणि त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर राहावी. विद्यार्थ्यांसाठी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास कॅसेट उतरवण्याचे काम चालते. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी वही घेऊन यावे.